कलमांमागची माणसे

१ जुलै २०२४ ला पोलीस ठाण्यात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातले आकडे बदलले. खुनाचे ३०२ होते, ते १०३ झाले. चोरीचे ३७९ आता ३०३ मध्ये आहे, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये, विवाहितेच्या छळाचे ४९८-अ आता ८५ मध्ये. १८६० ची दंड संहिता जाऊन ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा ५३१ कलमांच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १७० कलमांच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने. सेवेची वीस-पंचवीस वर्षे झालेल्या हवालदाराला पुन्हा पाढे पाठ करायला बसवावे, तशी अवस्था झाली.

जुन्या-नव्या कलमांचा तक्ता या पुस्तकाच्या शेवटी दिला आहे आणि तो लागणारच. ३० जून २०२४ च्या मध्यरात्रीपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनेच दंडविधान लागते, तो उघडकीस नंतर आला तरीही. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे एकाच तपासी अंमलदाराच्या कपाटात दोन्ही कायद्यांची प्रकरणे शेजारी शेजारी असतील आणि साक्षीला उभे राहताना आपले प्रकरण कोणत्या कायद्याखालचे आहे हे त्याला पक्के ठाऊक असावे लागेल. तरीही तक्ता म्हणजे कायदा असे मी मानत नाही. आकडा चुकला तर कोर्ट दुरुस्त करून घेते. ज्या कारणासाठी ते कलम लिहिले गेले ते कारण ठाण्यात कोणाला माहीत नसेल, तर जे नुकसान होते ते पुढे कोणालाही दुरुस्त करता येत नाही. हे पुस्तक वाचताना प्रत्येक कलमाच्या वेळी विचारावे, की हे का लिहावे लागले? कोणाच्या बाबतीत काय घडले, म्हणून पोलिसांवर हे बंधन आले?

उत्तरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. दिल्लीहून आलेले वाटणारे कितीतरी नियम आपल्याच मुलखातल्या माणसांच्या प्रकरणांतून निघाले आहेत. जालना, बीड, परभणी, नाशिक, चंद्रपूर ही नावे देशभरातल्या फौजदारी वकिलांना आणि न्यायाधीशांना निकालपत्रांतून माहीत आहेत. आपल्या पोलिसांना ती त्याच ओळखीने माहीत असावीत, यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवतो आहे.

मराठवाड्याने कायद्याची अदलाबदल पूर्वीही पाहिली आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे दंडविधान वेगळे होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता इथे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाल्या. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ इथे औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बसू लागले आणि १९९१ मध्ये शहराला पोलीस आयुक्तालय मिळाले. खंडपीठामुळे पडलेला फरक मोठा आहे. पूर्वी ठाण्यातल्या एखाद्या चुकीविरुद्ध दाद मागायला मुंबई गाठावी लागे आणि गरीब माणूस तो विचारच सोडून देई. आता सिल्लोडचा किंवा गेवराईचा माणूस सकाळच्या एसटीने निघून जालना रोडवर खंडपीठात पोहोचतो आणि संध्याकाळी घरी परततो. ठाण्यात लिहिलेल्या प्रत्येक कागदाला न्यायालय आता जवळ आले आहे, हे अंमलदाराने लक्षात ठेवलेले बरे.

कागदांतला पहिला कागद फिर्यादीचा. माणूस ठाण्यात येतो तेव्हा घाबरलेला असतो, चिडलेला असतो, कित्येकदा रडत असतो. त्याला कलम सांगता येत नाही, वेळ नीट सांगता येत नाही, आधीचे नंतर आणि नंतरचे आधी येते. ठाणे अंमलदाराची पहिली कसोटी इथे लागते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी प्रकरणात सांगितले. ‘बघू, चौकशी करून सांगतो’ म्हणून माणसाला परत पाठवण्याचा अधिकार त्या दिवसानंतर उरला नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने एक मर्यादित वाट ठेवली आहे. तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांची आधी परवानगी घेऊन प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का एवढेच पाहायला चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ही वाट अपवादाची आहे. ती नेहमीचा रस्ता झाली तर २०१३ पूर्वीची स्थिती नव्या नावाने परत येईल.

हद्दीचेही तसेच. आपल्या शहराची रचनाच अशी आहे की वाद होणार. बीड बायपासच्या एका बाजूला एक ठाणे, दुसऱ्या बाजूला दुसरे. चिकलठाण्याच्या पुढे आयुक्तालय संपते आणि ग्रामीण अधीक्षकांची हद्द लागते. वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगाराला वाटेत लुटले, तर नेमके कुठे लुटले हे त्याला सांगता येईलच असे नाही आणि तो त्याचा दोषही नाही. कलम १७३ आता स्पष्ट शब्दांत सांगते, की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यायची. शून्य क्रमांकाने नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवायची. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने आली तरी घ्यायची, फक्त देणाऱ्याने तीन दिवसांत सही करायची. शून्य क्रमांकाची पद्धत पूर्वीही होती. आता ती कायद्याच्या मजकुरात आहे, म्हणून हद्दीचे कारण सांगून कोणाला दारातून परतवता येणार नाही.

फिर्याद कशी लिहावी याविषयी पुस्तकात वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे एकच सांगतो. फिर्याद फिर्यादीची असते. ठाण्याची ठरावीक भाषा तिच्यात ओतली की प्रत्येक मारहाण ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण करून जिवे मारण्याची धमकी दिली’ या एकाच वाक्यात बसते, आणि चार वर्षांनी उलटतपासणीत साक्षीदार म्हणतो, ‘मी असे म्हटले नव्हते.’ तो खरेच तसे म्हणालेला नसतो. त्याने सांगितलेले होते, की दीराने दारामागची काठी घेतली, सासूने दार लावले, शेजारच्या मावशी धावत आल्या. त्या तीन गोष्टी कागदावर आल्या असत्या तर काठी जप्त झाली असती आणि मावशी साक्षीदार झाल्या असत्या.

अटकेच्या प्रकरणाकडे मी वाचकाचे विशेष लक्ष वेधतो, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत कायदा सर्वांत जास्त इथे हलला आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अटक का गरजेची आहे ते लिहून ठेवावे लागते आणि गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यावी लागते. २ जुलै २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाने हे सांगितले, आणि न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाईबरोबर न्यायालयाच्या अवमानाचीही टांगती तलवार ठेवली. अटकेची कारणे लेखी द्यायची का, हा वाद आणखी काही वर्षे चालला. तो ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईतल्या एका अपघात प्रकरणात संपला. कोणताही गुन्हा असो, अटकेची कारणे लेखी द्यायची आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायची. तातडीच्या प्रसंगी आधी तोंडी सांगितली असली, तरी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी लेखी प्रत त्याच्या हाती पडली पाहिजे. वाळूजच्या वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कामगार राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याला अस्खलित मराठीत छापलेला अर्ज देऊन सही घेतली तर ती सही आहे, कारणे सांगणे नाही. घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये १९५० पासून हेच लिहिलेले आहे, ते नीट अमलात येण्याला पाऊणशे वर्षे लागली.

स्त्रियांविषयीच्या तरतुदी पाठ करायला सोप्या आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक नाही, अपवादात्मक प्रसंगी केवळ महिला अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन. जबाबासाठी स्त्रीला ठाण्यात बोलवायचे नाही, ती राहते तिथे जायचे. बलात्कारित स्त्रीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. हे सगळे कशासाठी, याचे उत्तर तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी शेतमजूर मुलीला घरच्यांसह ठाण्यात आणले गेले. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर पाठवले आणि तिला मागे थांबवून घेतले. पुढे जे घडले म्हणून तिने सांगितले, त्यासाठी दोन पोलिसांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने सोडले, नागपूरला उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष ठरवले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावर भर दिला गेला. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला, आणि अशा खटल्यात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर तसेच गृहीत धरण्याचा नियम आला. त्या मुलीच्या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण पीडितेची ओळख उघड करण्याची मनाई, आजच्या न्याय संहितेचे कलम ७२, हीसुद्धा त्याच १९८३ च्या बदलांतली आहे. रात्री एखादी स्त्री ठाण्यात आली आणि घरच्यांना बाहेर बसा म्हणायचा मोह झाला, की देसाईगंज आठवावे.

आता ज्या प्रकरणावर मला सर्वांत जास्त वेळ थांबायचे आहे ते सांगतो. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला. कुटुंबातल्या माणसांचे खून झाले, बलात्कार झाला. महाराष्ट्र हादरला आणि आरोपी लवकर पकडा असा दबाव वाढला. भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले जालना जिल्ह्यातले सहा जण पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वाढवली आणि सहाही जण फाशीच्या कोठडीत गेले. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर सिद्ध झाले. पुढे पुनर्विलोकन याचिका पुन्हा ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. सोळा वर्षे गेली होती.

सोळा वर्षे एका कागदासाठी गेली. वस्तीवर जिवंत राहिलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीला घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातून चार जण ओळखले होते. हे चौघे या सहा जणांपैकी नव्हते. त्यांचा तपास झाला नाही आणि ही ओळख पटवल्याची गोष्ट खटल्याच्या न्यायालयापुढे आणली गेली नाही. तिन्ही न्यायालयांनी निकाल दिले ते ही गोष्ट समोर नसताना. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, चुकलेल्या अधिकाऱ्यांना शोधून त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करायला सांगितले आणि त्या चौघांविरुद्ध पुढील तपास करायला सांगितले. खरे गुन्हेगार कोण होते? उद्ध्वस्त झालेल्या त्या कुटुंबाला याचे उत्तर मिळाले नाही. तपासाची चूक आरोपीला जेवढी भोवते तेवढीच फिर्यादीलाही भोवते, हे मी वर्गात नेहमी सांगत आलो आहे, आणि याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही.

तपासी अंमलदाराला मिळालेली प्रत्येक गोष्ट, आरोपीच्या बाजूने जाणारी असली तरी, केस डायरीत आणि न्यायालयापुढे आली पाहिजे. तपास सत्य शोधण्यासाठी आहे आणि सत्य कधी कधी आपण पकडलेल्या माणसाला सोडून देते. त्याला सोडणे हा पराभव मानू नये. पुस्तकातले दोषारोपपत्रावरचे प्रकरण मी लेखकांना दोनदा लिहायला लावले, ते एवढ्यासाठी.

नाशिकच्या या खटल्यात एक दुसरीही गोष्ट आहे. ते सहा जण भटक्या जमातीतले नसते तर एवढ्या सहज पकडले गेले असते का? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने पुसला, पण मराठवाड्यात आजही चोरी झाली की पाले कुठे पडली आहेत, पारधी वस्ती कुठे आहे, असा शोध प्रथम सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दोनदा याकडे लक्ष वेधले. हिस्ट्रीशीटमध्ये नोंद जातीवरून करता येणार नाही, आणि विमुक्त जमातींच्या लोकांची मनमानी अटक होणार नाही याची जबाबदारी पोलिसांची आहे, असे सांगितले. संशयाला पुरावा लागतो, वस्ती हा पुरावा नव्हे. या बाबतीत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही.

परिस्थितिजन्य पुराव्याचा विषय निघाला की देशातले प्रत्येक सत्र न्यायालय १७ जुलै १९८४ च्या एका निकालाचा आधार घेते. सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जून १९८२ मध्ये पुण्यात एक नवविवाहिता सायनाइडने मरण पावली. तिचे माहेर बीडचे आणि तिने बीडला लिहिलेली पत्रे या खटल्याच्या केंद्रस्थानी होती. नवऱ्याला खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने सोडले, आणि ते करताना पाच कसोट्या घालून दिल्या. त्यांचे सार असे: प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत झालेली हवी, ती केवळ आरोपीच्या दोषाशी जुळणारी हवी, दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये, साखळी तुटलेली नको. तपासी अंमलदाराने हे वाचताना निकालाच्या उलट्या दिशेने विचार करावा. आपल्या प्रकरणातली साखळी कुठे सुटते आहे, हे दोषारोपपत्र पाठवण्यापूर्वी आपल्याला दिसते का? मृताने मरणापूर्वी लिहिलेल्या पत्राचे महत्त्व याच निकालात सविस्तर चर्चिले गेले आहे. आज पत्रांची जागा मोबाइलमधल्या संदेशांनी घेतली आहे, आणि तिथून आपण जालन्यात येतो.

सीसीटीव्हीचे फुटेज जप्त करणाऱ्या देशातल्या प्रत्येक पोलिसाला ज्या निकालाने बांधले आहे तो जालन्यातून निघाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची वेळ २७ सप्टेंबरला दुपारी तीनची होती. अर्ज वेळेनंतर घेतला गेला असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण अशा इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. आपल्या खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात कायदा स्पष्ट झाला. मूळ उपकरणच न्यायालयात आणले आणि ज्याचे ते आहे त्याने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र लागतेच. ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळे केले आणि ज्याच्या हाती ते आहे तोच देत नसेल, तर न्यायालय ते देण्याचा आदेश काढू शकते, आणि अशक्य गोष्टीसाठी पक्षकाराला अडवत नाही. या प्रकरणात तेच झाले, म्हणून उच्च न्यायालयाचा निकाल टिकला.

निवडणुकीचा वाद म्हणून हा निकाल पोलिसांनी बाजूला ठेवला तर मोठी चूक होईल. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आले आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. सिडकोतल्या सराफाच्या दुकानातून फुटेज पेन ड्राइव्हवर घेतले आणि प्रमाणपत्र नंतर घेऊ म्हणून ठेवून दिले, तर वर्षभरात दुकानाचा डीव्हीआर बदललेला असतो, बसवणारा मुलगा गाव सोडून गेलेला असतो आणि पेन ड्राइव्हमध्ये स्पष्ट दिसणारा चोर न्यायालयात दिसेनासा होतो. जप्तीच्या दिवशीच प्रमाणपत्र, जप्तीच्या दिवशीच हॅश, एवढी एक सवय लागली तरी या पुस्तकाचे श्रम वाया गेले नाहीत असे मी म्हणेन.

झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आता बंधनकारक आहे आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. काही अंमलदारांना यात आपल्यावरचा अविश्वास दिसतो. मला यात प्रामाणिक पोलिसाचे संरक्षण दिसते. पंच फितूर झाला, तलवार आधीच ठाण्यात होती असा आरोप झाला, तर आजवर पोलिसाकडे त्याच्या शब्दाशिवाय काही नसे. नेहमीचेच दोन पंच प्रत्येक पंचनाम्यावर आणण्याची पद्धतही आता सोडावी. कॅमेऱ्यात त्यांचे चेहरे दिसणारच आहेत. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब मात्र आजही पुराव्यात येत नाही, तो कॅमेऱ्यात घेतला तरी नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ ने जुनी तीन कलमे एकत्र आणली आहेत, आणि कोठडीतल्या आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून जी वस्तू सापडली तेवढ्याशी संबंधित भागच ग्राह्य धरला आहे. म्हणून कबुलीवर घालवलेला वेळ तपासात बहुधा फुकट जातो.

कोठडीचे प्रकरण लिहिताना परभणीचा उल्लेख टाळता येणार नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटले, अटका झाल्या. अटकेतला एक तरुण, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील, मी ठरवत नाही. पण ज्या दिवशी माणूस ताब्यात येतो त्या दिवसापासून त्याच्या शरीराची जबाबदारी पोलिसांवर येते. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी, जखमांची नोंद, नातेवाइकांना कळवणे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकारी. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ ला सांगितलेले हे नियम आता संहितेच्या कलमांत आहेत. घाटी रुग्णालयात तपासणीला नेल्यावर डॉक्टर आणि आरोपी यांच्यामध्ये पोलीस उभा राहू नये, ही साधी गोष्टही पाळली जात नाही, हे दुःखाने लिहितो.

या सगळ्या अपेक्षा कोणाकडून करतो आहोत, याची मला जाणीव आहे. पैठणची नाथषष्ठी, वेरूळची महाशिवरात्र, खुलताबादचा उरूस, गणपती, मंत्र्यांचे दौरे, मोर्चे, हे सगळे बंदोबस्त त्याच माणसाने करायचे आणि उरलेल्या वेळात तपास लिहायचा. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि आता नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला तपासाची प्रगतीही कळवायची आहे. सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ येणे अपेक्षित आहे, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. ती मुदत संपण्यापूर्वी प्रयोगशाळेला माणसे आणि ठाण्याला तपासासाठी वेगळा कर्मचारीवर्ग मिळाला नाही, तर सगळा दोष हवालदाराच्या माथी मारला जाईल आणि तो अन्याय ठरेल. हे पुस्तक वाचणाऱ्या वरिष्ठांना माझी विनंती आहे, की आठवड्यातून एक तास तरी ठाण्यात कायद्याच्या वाचनासाठी राखून ठेवावा आणि त्या तासात कोणाला बंदोबस्ताला पाठवू नये.

ठाण्यात काम करणाऱ्या बंधू-भगिनींना एवढेच सांगतो, की पुस्तक कपाटात बंद ठेवू नका, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवा. सगळे एकदम वाचून होणार नाही. सुरुवात कलम १७३ पासून करा. आजची पहिली फिर्याद लिहून झाली की ती फिर्यादीला वाचून दाखवा, तो बोलला तेच लिहिले आहे का ते त्याला विचारा, मग सही घ्या आणि प्रत विनामूल्य त्याच्या हाती द्या.